जांभळ्या फुलांचा पाक

“वास घेतलात ना?” ग्लास उचलण्याआधी सिस्टरनी विचारलं.

“घेतला की,” उस्ताद म्हणाला.

घेतला होताच. उंच ग्लास नाकाशी नेऊन, डोळे मिटून, मान जराशी डावीकडे कलती करून. बारमधलं निम्मं गिऱ्हाईक त्या एवढ्याशा नाटकावर फिदा होतं. पण आठ महिन्यांपूर्वीच्या तापानंतर उस्तादला कशाचाच वास येत नव्हता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. नाक गेलेला उस्ताद म्हणजे नुसता ग्लास भरणारा माणूस. तसे तर दहा मिळतात.

जिन, लिंबू, साखर, सोडा. अठ्ठावीस वर्षांचा हात होता. आंबट-गोड जिभेला कळायचं, निभून जायचं. पण मालकाच्या सुनेने साखरेऐवजी लॅव्हेंडरच्या जांभळ्या फुलांचा पाक करून घालायला सांगितलं आणि पंचाईत झाली. “फुलं कधी गाळायची ते तुमचं नाकच सांगेल,” ती म्हणाली. उस्तादने मान डोलावली. मान डोलावण्यात तो कधी कमी पडला नाही.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, दर गुरुवारी दुपारी चारला हजर. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, त्याच्याकडे पाहिलं. मग सगळा ग्लास संपवून, “छान,” म्हणून गेल्या.

ग्लास विसळणाऱ्या मावशींनी पाकाची बाटली उघडली आणि तोंड फिरवलं. “अहो उस्ताद, हे काय, साबणाचं पाणी? फुलं उकळून उकळून मारलीत की.”

“मुद्दाम कडक केलाय.”

मावशींची पाठ वळल्यावर त्याने बाटली मोरीत रिकामी केली. कानशिलं तापली होती. ते पाणी सिस्टर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या होत्या, त्याच्यासमोर, त्याच्यासाठी.

पुढच्या गुरुवारी त्यांनी तेच मागितलं. पाक त्याने चोरून घड्याळ लावून केला होता. ग्लास सवयीने नाकाकडे निघाला आणि छातीशीच थांबला.

“सिस्टर,” तो काउंटरकडे बघत म्हणाला, “मला वास येत नाही.”

“कधीपासून?”

“आठ महिने झाले.”

त्यांनी ग्लास घेतला. नाकाशी नेला, डोळे मिटले, मान जराशी डावीकडे कलती केली.

“आज जमलंय,” त्या म्हणाल्या.

मागे मावशींचा नळ बंद झाला होता. उस्तादने वळून पाहिलं नाही. कोरडाच काउंटर तो पुसत राहिला.