पहिल्या कार्डाने अडवलेलं नमन

पिंगुळीच्या बाबली आजोबांनी रामायणातले प्रसंग चित्रांतून सांगणारी चित्रकथीची पोथी नातीच्या हाती दिली ती एकाच अटीवर. "आरोही, आधी गणपतीचां नमन, मगे चित्रां. नमनाशिवाय उघडलंस, तर पोथी परत तुका गावूची नाय."

आरोहीने शब्द दिला. शाळेच्या कॉम्प्युटरवर कार्डांचा एक प्रोग्रॅम होता. एका कार्डावर एक चित्र, अशी गड्डी रचायची आणि कुठला निरोप आला की काय करायचं ते लिहून ठेवायचं. तिने पोथीतली चित्रं त्यात घेतली, आजोबांचा आवाज भरला. गड्डी उघडताच कॉम्प्युटर 'स्टार्टअप' हा निरोप धाडतो. तो आधी पहिल्या कार्डाकडे जातो. तिथे कोणी धरला नाही, तर पुढे सबंध गड्डीकडे. नमन तिने गड्डीच्या आज्ञेत ठेवलं होतं.

वर्गातला निकेत तिचा जोडीदार. सजावट त्याच्याकडे. हे सगळं तिनेच त्याला समजावलं होतं. "कार्डान निरोप धरलो, तर शेवटी 'पास स्टार्टअप' लिहूक व्हयां. नाय तर तो थंयच रवता."

मालवणला शाळांच्या कॉम्प्युटर स्पर्धेत आजोबा हात जोडूनच पुढे बसले. गड्डी उघडली. आरोहीने कधी न पाहिलेलं, निकेतच्या नावाचं रंगीत कार्ड पहिलंच झळकलं, बाजा वाजला आणि थेट सीताहरण सुरू झालं.

"नमन खंय गेलां गो?"

"आजोबा, माका खरांच ठावक नाय..."

"शब्द तूच दिललंस." टेबलावरची पोथी कापडात गुंडाळून आजोबा एसटी स्टँडकडे चालू लागले.

आरोहीने त्या कार्डाची आज्ञा उघडली. निरोप धरलेला, बाजा लावलेला. शेवटची 'पास स्टार्टअप'ची ओळ नव्हती.

"इसारलंस रे?" तो विसरलाच असावा, असं तिला फार वाटत होतं.

"इसारतलंय कित्याक?" निकेत हसला. "केवढां लांबडां नमन तां! परीक्षक जांभये देवक लागले असते. थंयच अडवूक येता, ह्या तूच शिकवलंस मां?"

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"तू आयकलां असतंस?"

तेवढ्यात माईकवरून त्यांचा पहिला क्रमांक पुकारला. निकेत धावला, वळून हात हलवू लागला. "चल गो!"

ती उठली नाही. एकेक कार्ड उघडून आजोबांची चित्रं पुसत राहिली. ती चित्रं शब्दावर मिळाली होती आणि शब्द राहिला नव्हता. टाळ्या थांबल्या तेव्हा गड्डीत निकेतच्या नावाचं तेवढं कार्ड उरलं होतं.