अकरावा कुकारा

बायनाबाईनं पोलिसांनी बांधलेल्या दोरीखालून हात घातला आणि लोखंडी कड्याला लावला. कडं बैलगाडीच्या चाकाहून मोठं होतं. आदल्या संध्याकाळी ते आभाळातून जळत आलं आणि धानाला पाणी देणाऱ्या बोडीच्या पाळीवर आदळलं. आता ते गार होतं. सून सरिता मागून तिचा पदर ओढत होती.

"आई, चला ना. सारे पाहून राह्यले."

"पाहू दे."

सारं गाव तिथं जमलं होतं आणि कालपासून गावात शास्त्रज्ञांचा सुकाळ झाला होता. कोणी म्हणे बॉम्ब, कोणी म्हणे उडती तबकडी. शाळेतले संघपाल गुरुजी घसा बसेपर्यंत सांगत होते, की हा रॉकेटचा तुकडा आहे, माणसानंच बनवलेला. पण एवढ्याशा गोष्टीसाठी उन्हात कोण उभं राहणार?

"गुरुजी," बायनाबाईनं विचारलं, "वरती कोणी राह्यते का?"

कोणी हसलं नाही. तिचा मुलगा, सरिताचा नवरा धम्मदीप तीन वर्षांपूर्वी तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला तो परतलाच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वनखात्यानं आणि गावानं मिळून आठ दिवस जंगल तुडवलं. ना रक्त, ना कपडा, ना चपला. वाघानं नेला म्हणावं, तर वाघ काही चपला खात नाही. तेव्हापासून बायनाबाई म्हणायची, त्याले वरच्यायनं नेलं, आभाळात राहणाऱ्यांनी. भूतखेत न मानणारी, अंगात येणाऱ्यांना हसणारी ही बाई. पण एवढं मात्र तिनं घट्ट धरून ठेवलं होतं.

गुरुजींनी चष्मा पुसला.

"असन कोणी, बाई. तारे तं मोजता येत नाई इतके आहेत. मोठ्या मोठ्या मशिनी लावून किती वर्सं झाले लोक आयकून राह्यले. अजून कोणाचा आवाज नाई आला."

"आन् तरी आयकून राह्यले?"

"हो."

बायनाबाईनं मान हलवली आणि ती सुनेबरोबर निघाली.

वाटेत मोहाच्या झाडाखाली सरिता थांबली.

"आई, चारचौघात असं नका इचारत जाऊ."

"काऊन?"

सरिता उत्तर द्यायला गेली आणि तिला रडूच कोसळलं. तीन वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट आता तिला पेलवेना.

तेंदूच्या जंगलातून निघताना एक रीत असते. म्होरकी बाई कुकारा देते, लांबवर जाणारी हाक. झाडीत पांगलेला एकेक जण उलट कुकारा देतो. गिनती पुरी झाल्याशिवाय कोणी गावची वाट धरत नाही. त्या दिवशी उलट कुकारा देणारी माणसं अकरा होती आणि मोजणारी बायनाबाईच होती.

"दहाच कुकारे होते," सरिता म्हणाली. "अकरावा मीच देल्ला. तोंड फिरवून, त्याच्यावाणी. तो नाल्यापलीकडं चांगला पाला पाहाले गेल्ता. म्हणे, येतो मी मांगून, आईले सांगू नको, बोलन ते. माह्या एका कुकाऱ्यानं सारे निघून आले, आई."

बायनाबाई मोहाच्या मुळावर टेकली.

"मले मालूम आहे."

सरितानं डोळ्यांवरचा पदर खाली केला.

"माह्या पोराचा आवाज मले समजत नाई का? तवाच ओळखला मी, हा तुहा आवाज. नवं लग्न, म्हटलं करून राह्यले मस्ती. हासली मी. आन् अकरा म्हणून निघाली."

"मंग ते वरच्यायचं?"

"काही तं म्हणा लागत होतं. वाघानं नेला म्हटलं, का आपून दोघी त्याले तिथी सोडून आलो. वरच्यायनं नेला म्हटलं, का कोणीच नाई सोडलं त्याले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणता म्हणता मलेच खरं वाटाले लागलं."

सरिता तिच्या शेजारी बसली. तीन वर्षांत दोघी अशा खेटून कधी बसल्या नव्हत्या. ऊन चढत होतं, पण उठावंसं कोणालाच वाटेना.

सरिता हळूच म्हणाली,

"आई, वरती त्याले भात भेटत असन का?"

बायनाबाईनं विचार केला.

"भेटत असन. पण पोटभर नसन भेटत. त्याले भात लय लागते."