जेद्दाची मशीन, पेणचं रबर

मित्रांनो, मला जेद्दाहून रोह्याला आणण्यात नूरमहंमदचाचांचे तीन फायदे होते. पहिला, त्यांच्या नव्या नवरीचे, म्हणजे सलीमाचाचींचे हात विहिरीजवळच्या दगडावर झिजायचे थांबतील. दुसरा, मोठ्या भावाने आदल्या वर्षी आणलेल्या टेपरेकॉर्डरचं कौतुक एका दिवसात बंद पडेल. तिसरा, मोहल्ल्यातली माणसं महिनाभर घरी येत राहतील आणि जाताना मान डोलवतील. पहिला फायदा चाचा सगळ्यांना सांगत. उरलेले दोन मला ठाऊक, कारण जेद्दाच्या दुकानात माझ्या झाकणावर बोटं वाजवत ते स्वतःशी हेच पुटपुटत होते.

मी कपडे धुण्याची जुनी मशीन. दोन टबांची, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. जन्म जपानचा, रंग फिकट हिरवा, कपाळावर तीन गोल बटणं. शहाऐंशी साली जहाजाने मुंबईला उतरले आणि तिथून टेंपोने रोह्याला. खोकं उघडलं तेव्हा अख्खी गल्ली पडवीत उभी होती.

चालू करायला जुम्म्याचा दिवस ठरला. नमाज आटोपून माणसं थेट आमच्याकडे आली. शरबत वाटलं गेलं. सलीमाचाचींनी कळशी कळशीने पाणी ओतलं. चाचांनी मोठ्या भावाकडे एकदा बघून घेतलं आणि खटका दाबला. मी गुरगुरले, थरथरले, आणि पोटात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. धूर निघाला, पोरं पळाली. मोठे भाऊ शरबताचा घोट घेत शांतपणे म्हणाले, "नूर, टेप लावू काय?"

"दुकानदाराने फसवलं," चाचांनी जाहीर केलं. "जळका माल गळ्यात मारला मेल्याने!"

झालं. निकाल लागला. मोटार जळली, असं चाचा म्हणाले आणि सगळ्यांनी मान्य केलं. मला उघडून कुणी बघितलं नाही. माझ्यावर क्रोशाचं आच्छादन आलं, त्यावर फुलदाणी आली, पोटात गोधड्या भरल्या गेल्या. सलीमाचाची पुन्हा दगडाकडे गेल्या. पाहुणे येत, माझ्यावरून हात फिरवत, म्हणत, "सौदीची हाय!" स्तुती भरपूर झाली, पण कामाविना मिळालेली स्तुती अंगी लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मग घरात फ्रीज आला आणि मी परसातल्या पत्र्याखाली गेले. तिथे दोन कोंबड्यांनी मला आपलं मानलं.

आता मनस्वीची गोष्ट. ही अकरा वर्षांची मुलगी पेणची. तिला जुन्या कपडे धुण्याच्या मशीनचं वेड होतं, आणि हे वेड मला आधी खरंच वाटेना. तीन वर्षांची असताना ती शेजारच्या घरी जाऊन चालू मशीनसमोर मांडी घालून बसायची. धुणं संपलं की टाळ्या वाजवायची. रोह्याजवळ वरसे गावात एका लग्नात सगळ्या बायका नवरीचे दागिने बघत होत्या, तेव्हा ही यजमानांच्या मोरीत एका जुनाट मशीनला कान लावून बसलेली सापडली. यजमानीणबाईंना म्हणाली, "काकी, हिचा पट्टा सैल झालाय." तिच्याकडे एक वही होती. प्रत्येक जुन्या मशीनला एक पान. रंग, बटणं आणि खाली आवाज लिहिलेला: घुर्र, घुर्र, थांबली, घुर्र.

एक आत्या म्हणाली, "गो प्रतिक्षा, पोरीला डॉक्टरला दाखव."

"दाखवते की," मनस्वीची आई म्हणाली. "डॉक्टरांकडं जुनी मशीन असंल तर ती पण न्हाई सोडायची."

असं ते घर. आई प्रतिक्षा गणपतींचे डोळे आखायची. वडील प्रविण रोह्याजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते आणि चाचांचा मुलगा सुफियान त्यांच्याच शिफ्टला. चहा पिताना माझा विषय निघाला. प्रविणने घरी जाऊन तो सांगितला आणि पोरगी जेवणावरून उठली. पुढच्या सुट्टीला मी टेंपोत. निडी, नागोठणे, वडखळ करत पेणला पोचले. सगळ्या रस्त्याला मनस्वी माझ्या झाकणावर हात ठेवून होती, मी पडेन म्हणून की मी पळेन म्हणून, ते तिलाच ठाऊक.

अडचण होती ती आजोबांची. कमळाकर आजोबांचा गणपतींचा कारखाना, म्हणजे घराला लागून एक लांबलचक पत्र्याची शेड. तिथे जागेला फार किंमत. आजोबांनी मला वितीने मापलं, समोरून आणि बाजूने, आणि तोंडावरच सांगितलं, "हिच्या जागेत दीड फुटी आठ गणपती वाळतात."

"आजोबा, मी चालू करीन तिला."

"शाळा सुरू व्हईतो ठेव. तवर फिरली तर तुझी. नाय फिरली तर पोपट घिऊन जाईल, आणि मंग रडायचं नाय."

पोपट म्हणजे भंगारवाला. तो तेव्हाच दारात उभा होता आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की पत्रा किती, तांबं किती याचा अंदाज त्याने तिथल्या तिथे घेतला असावा. मित्रांनो, मुलीच्या हातात चोवीस दिवस होते. माझ्याही.

पहिल्याच दिवशी बापलेकीने माझी पाठ उघडली. उंदराचं घरटं निघालं, कोंबडीची पिसं निघाली. मनस्वीने रॉकेलचा बोळा घेऊन पाठीवरचा थर पुसला आणि खालून एक छोटी पत्र्याची पाटी बाहेर आली. ती वाचली आणि ओरडली, "पप्पा, ही एकशे दहा व्होल्टची हाय! आपल्याकडं दोनशे तीस!"

प्रविण पाटीजवळ गेले, परत वाचलं आणि खाली बसले. दुप्पट दाबाची वीज माझ्यात सोडली होती. दुकानदार बिचारा अडतीस वर्षं शिव्या खात होता आणि उत्तर माझ्या पाठीवर लिहिलेलं होतं.

मनस्वीने रोह्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला म्हणून मलाही ऐकू आला.

"चाचा, हिच्यासोबत कन्व्हर्टर नव्हता का? वीज कमी करून देणारा तो लोखंडी डबा?"

मग चाचांचा खाली गेलेला आवाज, "होता गो बेटी. दुकानदाराने दिलेला."

"मग कुठं हाय?"

"मशीन जहाजाने पाठवलेली, डबा माझ्या सामानात होता. विमानतळावर वजन जास्त झालं. दगडासारखा जड डबा तो. काढून ठेवला, आणि त्याच्या जागी दोन ब्लँकेटं... बहिणींसाठी... मखमली होती. वाटलं, डब्याशिवाय काय अडतंय?"

मागून सलीमाचाचींचा आवाज आला, "काय म्हणालात? म्हणजे तुमच्या बहिणींच्या ब्लँकेटांपायी मी अडतीस वर्षं दगडावर हात झिजवले?"

फोन बंद झाला. त्या घरात पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तासाभराने चाचांचा परत फोन आला आणि आवाज अगदी नरम होता. "बेटी, कन्व्हर्टर मी आणून देतो. इथं सौदीहून आलेल्या कुणाकडे तरी नक्की असेल. मी स्वतः घेऊन येतो."

प्रविणने मीटर लावून माझी मोटार तपासली. मनस्वी मीटरवर डोळे लावून उभी. काटा हलला. "मोटार जिती हाय!" प्रविण ओरडले. फुटला होता तो फक्त कपॅसिटर, मुठीएवढी डबी. त्या दिवशीचा सगळा आवाज आणि धूर तिचाच. त्यांनी नवी डबी बसवली, कडक झालेला पट्टा बदलला. वीज जोडायचं काम मात्र फक्त त्यांचं, हा घरचा नियम होता आणि मनस्वीने तो एकदाही मोडला नाही. तिने बटणं घासली, टब घासला, स्क्रू आकारानुसार वाटीत लावून ठेवले. मला वाटलं, झालं आता.

मग शाळेला पाच दिवस राहिले असताना त्यांनी मला पाणी भरून बघायचं ठरवलं. वीज नाही, नुसतं पाणी. चार बादल्या ओतल्या आणि चारही बादल्या माझ्या खालून बाहेर. पाणी सोडायच्या भोकाला असलेला रबराचं बूच कधीच कुजून त्याचे तुकडे झाले होते. पाणी शेडच्या उतारावरून सरळ ओल्या शाडूच्या मूर्तींकडे निघालं. आजोबा पोत्यांची चवड घेऊन धावले, प्रतिक्षा पाट उचलत सुटली. तरी दोन गणपतींचे उंदीर विरघळले.

"हिला भायेर काढा!" आजोबा लालबुंद. "आजच्या आज! पोपटला बोलवा!"

मनस्वी रबराचे तुकडे ओंजळीत गोळा करत राहिली. मुंबईतल्या चार दुकानांत प्रविणने फोन केले. चारही ठिकाणी एकच उत्तर: एवढ्या जुन्या मशीनचं बूच कुठून मिळणार, मशीन फेका. मुलीचे डोळे भरले, पण रडायचं नाय असं आजोबांनी बजावलं होतं, म्हणून ती रडली नाही. ते बघून मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मशीनला वाईट वाटतं का, असं विचारू नका.

संध्याकाळी प्रतिक्षा डोळे आखत बसली होती. ब्रश न उचलता सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही गणपतीच्या सोंडेचा साचा काढता, बोटांचा काढता, मुकुटावरच्या मोत्यांचा काढता. एवढ्याशा बुचाचा नाय निघणार?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "सुनबाई, तू मला चढवतेस."

"व्हय, चढवतेच. चढता काय?"

पेणमध्ये मूर्तीचा साचा रबराचा करतात. पातळ रबर ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं. आजोबांनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांनी ओंजळीतले तुकडे मागून घेतले, शाडूने सांधले, उणा भाग बोटांनी घडवला आणि पूर्वीच्या बुचाची हुबेहूब मूर्ती उभी केली. तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला. साच्यात रबराचा थर, ऊन, थर, ऊन. मनस्वी उन्हाबरोबर साचा सरकवत दोन दिवस अंगणात होती. "सोळा थर देतो," आजोबा म्हणाले. "गणपतीलापण एवढे देत नाय." तिसऱ्या दिवशी बूच बसवलं. चार बादल्या ओतल्या. सगळे खाली वाकून बघत होते. एक थेंब नाही.

शाळेच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीने चाचा आणि चाची पेणला उतरले. चाचांच्या हातात फडक्यात बांधलेला कन्व्हर्टर होता. "मी मागं लागून आले," सलीमाचाची म्हणाल्या. "वाटेत परत कुणासाठी ब्लँकेट घेतील, भरवसा नाय." दारात पोपट हातगाडी लावून उभा होता, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी. तोही आत येऊन बसला.

मनस्वीने आजोबांची शाडूने कडक झालेली लुंगी टाकली. आजोबांनी हरकत घेतली, कुणी ऐकली नाही. प्रविणने कन्व्हर्टर जोडला. मनस्वी बटणाजवळ गेली, मग मागे झाली. "चाची, तुम्ही फिरवा."

सलीमाचाचींनी बटण फिरवलं.

मी फिरले! घुर्र, थांबले, घुर्र! पाणी गरगरलं, लुंगी वर आली, खाली गेली, शाडूचा करडा ढग उठला. इथल्या विजेवर मी जेद्दापेक्षा थोडी सावकाश फिरते, पण फिरते. मनस्वी नाचत होती, प्रविण नाचत होते. चाचा डोळे पुसत म्हणाले, "दुकानदाराने चांगला माल दिला होता गो." अडतीस वर्षांनी त्या माणसाला न्याय मिळाला. लुंगी पिळून बाहेर काढली तर तिच्यावर निळ्या चौकड्या दिसल्या. आजोबांना त्या चौकड्या बघून आश्चर्य वाटलं; त्यांच्या मते लुंगी करडीच होती.

"आजोबा," मनस्वी म्हणाली, "फिरली ना?"

"फिरली बाय. तुझी झाली."

पोपट रिकामी गाडी घेऊन परत गेला. पण त्या माणसाच्या मनात काहीतरी हललं असावं. आठवड्याने तोच गाडीवर दुसरी बंद मशीन घालून दारात आला, माझ्याहून बुटकी, निळ्या रंगाची. "मनूबाय, वडखळला कुणी भंगारात दिली. मी फोडणार होतो. हात जाईना. बघ काय होतंय काय." आजोबांनी तिलाही वितीने मापलं. मग स्वतःच गणपती उचलायला लागले.

मित्रांनो, माझं मागणं छोटं आहे. घरातली वस्तू बंद पडली, तर तिला दोष देण्याआधी तिची पाठ पुसा आणि तिथे काय लिहिलंय ते वाचा. आणि एखादं पोर तुम्हाला न कळणाऱ्या गोष्टीला कान लावून बसलं असेल, तर त्याला उठवू नका.

राहिला हिशेब. सलीमाचाचींनी अडतीस वर्षांचं धुणं दिलं. नूरमहंमदचाचांनी एक जुनी थाप सोडून दिली. प्रविणने साऱ्या साप्ताहिक सुट्ट्या दिल्या, प्रतिक्षाने एक टोमणा, पोपटने तांबं. मनस्वीच्या नावावर फक्त जमा आहे, आणि ते तसंच असावं. सगळ्यांत जास्त भरलं आजोबांनी: शेडमधून निघालेले सोळा गणपती आता त्यांच्या खाटेवर आणि तिच्या खाली वाळताहेत, आणि आजोबा स्वयंपाकघरात चटईवर झोपतात.