बांधापर्यंत वहाणा

पुण्याच्या डॉक्टरांनी दुसरा रिपोर्टही टेबलावर ठेवला. "अंकुशकृमी," ते म्हणाले. "पुन्हा."

वाल्मीक ताम्हिणीकडच्या वाडीतला, धरणाच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला फिटर. १९६६ च्या मे अखेरीस त्याला विलायतेतल्या एका कारखान्यात कामाचा परवाना मिळाला. मुदत नोव्हेंबरअखेरची, आणि कारखान्याची अट अशी, की डॉक्टरांचा निर्दोष दाखला असल्याशिवाय निघायचं नाही. जूनच्या तपासणीत शौचात जंताची अंडी सापडली, रक्तही कमी निघालं. औषध झालं. आता ऑगस्ट अर्धा सरला होता.

"हा जंत चिखलातून, तळपायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतून रक्त पितो. मी चपला घालायला सांगितलं होतं."

"घातल्या की. नव्या घेतल्या."

"शेतात?"

"बांधापत्तुर."

"आणि पुढे?"

"पुढं खाचर हाय, सायेब. खाचरात वहाणा घालून कोन उतरतं? लक्षुमी हाय ती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भाताच्या आवणीचे, रोपं लावायचे एकोणीस दिवस वाल्मीक गुडघाभर चिखलात होता आणि नव्या वहाणा रोज बांधावर, पळसाच्या पानांखाली झाकलेल्या.

पुन्हा औषध दिलं गेलं. शेवटची तपासणी ऑक्टोबरअखेर. तोवर चिखलाला पाय लागता कामा नये.

पण बेणणी तोंडावर आली होती. वाडीत तण काढायचं काम इर्जिकीनं चाले: आज सगळे माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. वाल्मीकच्या खाचरात जी सहा घरं येत, त्यांच्याकडे एकेक दिवस माणूस देणं भागच. त्याच्या घरात माणसं दोनच, तो आणि आई धोंडाबाई.

"मी जाते," धोंडाबाई म्हणाली.

"चार पावलं चाललीस की बसतीस. दम लागतोय तुला."

"वय झालं रं. मला कोन शिशीत भरून पुन्याला तपासाया नेतंय?"

ती सहा दिवस वाकून तण काढत राहिली. वाल्मीक कॅनव्हासचे बूट घालून बांधावर भाकऱ्यांची पाटी राखत बसला. त्याचा चुलता कुशाबा खालून ओरडला, "आरं सायेब, विलायत तिकडं हाय! हितं आमच्या डोक्यावर कशाला बसलायस?"

शेजारच्या चंद्राबाईनं री ओढली. "धोंडाबाई, गडी पोटुशी हाय का गं? खाली उतरत न्हाई त्यो."

"व्हय. दिवाळीला सुटंल," धोंडाबाई म्हणाली, आणि सगळं खाचर हसलं.

चौथ्या दिवशी ती बांधाला हात टेकून बसली. ओठ पांढरे पडले होते. वाल्मीक बुटाच्या नाड्या सोडू लागला.

"बांध त्या," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

ऑक्टोबरच्या तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली. वाल्मीक जागचा हलला नाही.

"त्ये औषध आईला चालंल का?"

"त्यांचाही अर्ज आहे?"

"न्हाई. पन माज्या वाटणीला चिखलात तीच हुती."

डॉक्टरांनी दमाचं, नखांच्या रंगाचं, माती खावीशी वाटते का, असं सगळं विचारलं. प्रत्येकाला वाल्मीक व्हय म्हणाला. त्यांनी जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "पण पुन्हा चिखलात उतरल्या, तर पुन्हा होणार. पुढच्या आवणीला कोणी आहे ना?"

"मीच हुतो," वाल्मीक म्हणाला.

वाडीवर उतरल्यावर तो घरी न जाता आधी कुशाबाकडे गेला. खाचर अर्धलीनं कुशाबानं करायचं, निम्मं भात धोंडाबाईच्या घरात, आणि तिनं चिखलात पाय घालायचा नाही, असं ठरलं.

हे ऐकल्यावर धोंडाबाई लेकाशी दोन दिवस बोलली नाही. नवऱ्यामागं अठरा वर्षं ते खाचर तिनंच सांभाळलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिनं औषध घेतलं आणि कडू तोंडानंच विचारलं, "बोट कवा हाय तुजी?"