डावा कान

खडा जाळीच्या चौकोनात रुतून बसला होता, ना खाली पडत होता ना पुढे घरंगळत होता, आणि खडी क्रशरवरचा तो जुना कामगार हातोडीच्या दांड्याने खालून त्याला टोचत होता. बारीक खडी खाली आणि जाड खडी पुढे, असं दिवसभर दगड वेगळे करणारी ती थरथरती चाळणी आज बंद होती. जाळी फाटली होती. फिटर नवी आणायला गेला होता, आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये... शांतता.

घरीही कित्येक वर्षं हेच. बायको बोलेनाशी झाली होती — वाढायची, शेजारी बसायची, उठून जायची. रुसली असेल, असं त्याने धरून चाललं. विचारायचं मात्र राहून गेलं. मग ती लेकीकडे गेली, थोडे दिवस म्हणून, आणि तिकडेच रमली.

खांद्यावर थाप पडली. तो केवढा दचकला!

"काका, कधीचा हाका मारतोय," फिटर म्हणाला. तो डावीकडे उभा होता, जाळीचं भेंडोळं घेऊन. "आता तर मशीनही बंद आहे."

मशीनही बंद आहे... म्हणजे आवाजाचं निमित्तही नव्हतं. त्याने डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या — काहीच ऐकू आलं नाही. जेवताना ती कुठे बसायची? भिंतीला पाठ लावून, त्याच्या डावीकडे. नेहमीच.

बाहेर जाऊन त्याने फोन लावला. उजव्या कानाला.

"अगं, जेवताना तू काही बोलायचीस का?"

"हे काय आत्ता मध्येच?"

"सांग ना."

"बोलायचे की. तुम्ही मान वर करायचा नाहीत. मग म्हटलं, नकोसं झालंय यांना. दिलं सोडून."

"मला डाव्या कानाने ऐकूच यायचं नाही गं," तो म्हणाला.

"काय बोलायचीस?" त्यानेच पुढे विचारलं.

"आता काय आठवणार... असंच काहीबाही."

असंच काहीबाही. किती वर्षांचं! 'परत ये' हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडले. कोणत्या तोंडाने म्हणायचं? पण तिने फोन ठेवला नव्हता — पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला, भांड्यावर झाकण टेकलं, बांगड्या किणकिणल्या. आत फिटर जाळीचे बोल्ट आवळत होता. हा मात्र बाहेर कान फोनला दाबून उभा राहिला, श्वासही हळू घेत, आणि त्याला वाटलं, या आवाजांवाचून आपण घरात इतके एकटे आहोत हे आपल्याला आजवर कुणी ऐकवलंच नव्हतं...