वही पास झाली

तांबड्या पेनाने तो रेघ ओढत होता आणि ऊन हळूहळू त्याच्याकडे येत होतं. सूर्य उगवला तेव्हा ते समोरच्या भिंतीवर फार उंच होतं, छताला लागून, फिकट आणि पातळ. तिथून ते कपाटाच्या दारावर उतरलं, दाराच्या मुठीपाशी क्षणभर लकाकलं, मग रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून घसरत टेबलाच्या कडेला आलं. त्या उन्हात विशेष असं काहीच नव्हतं. पाण्याच्या पेल्यातून आरपार जाताना ते टेबलावर एक थरथरतं वर्तुळ काढत होतं, आणि आतल्या खोलीत कुणी पाऊल टाकलं की ते वर्तुळ किंचित हलत होतं. धुळीचे कण वर जात होते की खाली येत होते, हे कितीही वेळ पाहिलं तरी ठरवता येत नव्हतं. तो ते बराच वेळ पाहत राहिला. मग उन्हाची कड वहीवर आली, तांबडी रेघ एकाएकी पेटल्यासारखी दिसली, आणि आपण ती अर्ध्यावर सोडली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने ती पूर्ण केली. सरळ, देखणी रेघ.

फेरपरीक्षेला नऊ दिवस उरले होते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातला औषधांचा एकच विषय राहिला होता. पण या खेपेस तो गेला तर नाव पटावरून कमी होणार होतं. तसं पत्रच आलं होतं. ते पत्र त्याने ताईला दाखवलं होतं, आणि दाखवताना म्हणाला होता, "पेपरच पुस्तकाबाहेरचा होता." ताईने त्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या घरातलं हे टेबल त्याला मोकळं करून दिलं, आणि भेटेल त्याला त्या परीक्षकाच्या नावाने बोटं मोडून दाखवली.

कॉलेजातल्या मॅडमनी मात्र त्याच्या चारही वह्या मागून घेतल्या होत्या. हिरव्या चौकटी, निळी शीर्षकं, तांबड्या रेघा. एक एक पान त्यांनी सावकाश उलटलं होतं.

"अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या होत्या. "वही पास झाली. तुम्ही नापास."

त्याने वह्या उचलून घेतल्या होत्या.

"उतरवून काढणं बंद करा. एक पान वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाला मोठ्याने समजावून सांगा. त्याला कळलं, तरच तुम्हाला कळलं."

त्याने मान डोलावली होती. घरी येऊन पहिल्याच दिवशी वही मिटली होती, आणि कोऱ्या कागदाकडे पाहताना छातीत असं काही रिकामं झालं होतं, की त्याने तो कागद घडी घालून पुस्तकाखाली सरकवून दिला. दुसऱ्या दिवशी नवी वही आणली. ही पाचवी.

"छोट्या, हिचं अंग बघ रे जरा."

ताई चिंगीला खांद्यावर घेऊन आली. आठ महिन्यांची पोर एरवी मामाला पाहिलं की झेप घ्यायची. आज तिने नुसते डोळे उघडून मिटले. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"एकशे दोन आहे," ताई म्हणाली. "रात्रभर कुरकुरत होती. हे कामावर जाताना दुकानातून तापाचं औषध देऊन गेले आत्ताच. पाच मिलीच द्यायचं ना? मागच्या वेळी दिलं तेवढंच?"

औषधाचं नाव मनात येताक्षणी पान त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. उजव्या हाताचं पान, वरून तिसरा परिच्छेद, हिरवी चौकट.

"हो. पाच."

"घरात नर्स पाळल्याचा एवढा तरी फायदा," ती म्हणाली, आणि औषधाचं रिकामं खोकं त्याच्या वहीवर टाकून आत गेली.

त्याने खोकं बाजूला सारलं. पुढच्या शीर्षकासाठी निळं पेन उघडलं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग जुन्या बाटलीवरचं मापाचं टोपण काढून ताईने ते नळाखाली धुतलं.

"काय मेली बाटली ही!" आतूनच ती म्हणाली. "बोटाएवढी. तीन वेळातच संपेल की. परत पळवायला लागणार यांना."

तो हसला. अक्षर काढू लागला. आणि पेन थांबलं.

तीन वेळात?

त्याने वही मिटली. का मिटली, ते त्याला सांगता आलं नसतं. उजव्या हाताचं पान अजून दिसत होतं, तिसरा परिच्छेद दिसत होता, चौकटीचा हिरवा रंगसुद्धा दिसत होता. चौकटीच्या आत काहीच नव्हतं. त्याने खोकं ओढून उन्हात धरलं. बारीक अक्षरं. तान्ह्या बाळांसाठी थेंब. एका मिलीमध्ये शंभर मिलिग्रॅम.

खुर्ची मागे आपटली.

"ताई, थांब!"

टोपण चिंगीच्या ओठांना लागलं होतं. त्याच्या ओरडण्याने ती दचकली आणि तिने भोकाड पसरलं. गुलाबी ओघळ हनुवटीवरून गळ्यात गेला.

"किती गेलं पोटात?"

"अरे, काय झालं?"

"किती गेलं ते सांग आधी!"

"काही नाही... थुंकलं तिने. जिभेला लागलं असेल तेवढंच." ताईचा चेहरा उतरला होता. "औषध चुकीचं आणलंय का यांनी?"

"औषध बरोबर आहे. पाच मिली नाही द्यायचं. हे चौपट होईल."

"पण नाव तर तेच आहे ना?"

तो बोलायला गेला आणि अडखळला. असं कोणत्याही वहीत लिहिलेलं नव्हतं.

"नाव तेच. पण... मागची बाटली पातळ होती. पाच चमचे पाण्यात जेवढी साखर, तेवढी यात एका चमच्यात घातलीय समज. त्याहून थोडी कमी."

"म्हणजे हे दाट."

"हो. दाट." त्याने खोकं पालथं केलं. "वजन किती हिचं?"

"लस दिली तेव्हा आठ किलो."

आठ. किलोला पंधरा मिलिग्रॅम. तो मोठ्याने बोलत खोक्याच्या पाठीवर लिहीत होता, आणि ताई चिंगीला थोपटत, दर पायरीला "म्हणजे?" असं विचारत होती. दर वेळी त्याला मागे जाऊन पुन्हा सांगावं लागत होतं. एकशे वीस मिलिग्रॅम. एका मिलीत शंभर. अक्षर वेडंवाकडं आलं होतं. उत्तराखाली त्याने रेघ मारली नाही. उलटा हिशेब करून पाहिला, तरी पुरेसं वाटलं नाही, म्हणून दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई लाइनवर येईपर्यंत दोघंही फोनकडे पाहत होती. त्याने औषध, वजन, जिभेला लागलेला थेंब, सगळं सांगितलं. आपण काढलेला आकडा मात्र सांगितला नाही.

"एक पॉइंट दोन द्या," पलीकडून आवाज आला. "खोक्यातल्याच ड्रॉपरने. आणि संध्याकाळी आणून दाखवा."

खोक्याच्या पाठीवर त्याने एक पॉइंट दोनच लिहिलेलं होतं.

ड्रॉपर त्यानेच भरला. मनगट टेबलावर टेकवलं. चिंगीने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि थोड्या वेळाने ताईच्या खांद्यावर लाळ गाळत झोपी गेली.

ताई भिंतीला टेकून खालीच बसली.

"केवढ्याला पडलं असतं रे हे," ती म्हणाली. मग डोळे पुसत, हसत, "आणि बघ तो मेला परीक्षक! पुस्तकाबाहेरचं कायबाय विचारून पोराला नापास केलं. असलं कामाचं विचारलं असतं तर?"

तो ड्रॉपर धूत होता. नळ त्याने बंद केला.

"विचारलं होतं."

"काय?"

"हेच. हेच थेंब. नऊ किलोचं बाळ."

ताईचा थोपटणारा हात थांबला.

"मग?"

"मी पाच लिहिलं होतं."