खाऱ्या पाण्याची भिंत

मी हलीमाबीच्या घराची मागची भिंत बोलतेय. भिंतींना कान असतात म्हणता ना? मग आज तोंडही आहे असं समजा. माझ्या हातून जे घडलं, ते माझ्याच तोंडून ऐका.

दर्यापूरच्या पुढं, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. हापशीचं पाणी इतकं खारट की म्हैसही तोंड फिरवते. नळाचं गोडं पाणी बारा दिवसांतून एकदा. त्या साली कपाशी वाळली, मजुरी बंद झाली, आणि हलीमाबीच्या कुडाच्या घराचं छप्पर बसलं. तेवढ्यात अमरावतीहून इंजिनिअरिंगची पोरं आली. उन्हाच्या विजेवर चालणारं, गावच्याच मातीचं घर बांधायचं, अशी त्यांची स्पर्धा होती. स्पर्धा झाली की घर हलीमाबीचं. म्हातारीला दुसरा आसरा नव्हता.

कुलदीप त्यांचा म्होरक्या. पोरगा हुशार आणि मनाचा चांगला, हे मी आजही म्हणते. विटा पाडायच्या दिवशी गावचा पुंजाराम मिस्त्री आला. त्यानं हापशीचं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकला.

"पोट्टेहो, ह्या पाण्याची भीत मीठ ओकते. नळ येऊ द्या, मंग पाडा."

"काका, नळाले अजून आठ दिवस हायेत, अन् महिन्याभरात परीक्षक येऊन राहिले. मातीत सिमेंट टाकलं ना आमी."

हलीमाबीनं आपले दोन ड्रम पुढं सरकवले. "बेटा, माहं गोडं पाणी घ्या. पन घर पक्कं करा."

"नको चाची. तुमाले प्याले काय उरन मंग?"

त्यानं मायेपोटीच नको म्हटलं. आणि मी खाऱ्या पाण्यात मळली गेले.

पहिला नंबर आला. फोटोत मी गुळगुळीत दिसते. पोरं गेली. संध्याकाळी दारावरचा दिवा आपोआप लागायचा. त्याच्याखाली हलीमाबी गोधड्या शिवायची, नात अफिफा अभ्यास करायची. सहा महिने सुखाचे गेले, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या अंगावर पांढरं मीठ फुटलं. हलीमाबी रोज फडक्यानं पुसायची, आणि रोज माझी मूठभर माती खाली यायची. अफिफानं कुलदीपला फोन लावला. त्याला पुण्यात नोकरी लागली होती. "सुट्टी भेटली की येतो," म्हणाला. पुंजाराम माझ्यात बोट खुपसून पाहून गेला.

"चाची, निघा इथून."

"कुठं जाऊ बाबा?"



दुसऱ्या पावसाळ्यात, भरदुपारी मी कोसळले. अफिफा शाळेत होती. हलीमाबी मला टेकून सुई ओवत होती. धरून ठेवायचा लय आटापिटा केला हो मी. नाही जमलं.

कुलदीप आला तेव्हा म्हातारीला माती देऊन आठ दिवस झाले होते. अफिफाला मामानं अकोल्याला नेलं होतं. कुलदीपनं हापशीचं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. थुंकला नाही, गिळलं. मग लहान पोरासारखा रडला.

आता मी ढिगारा आहे. पुढची भिंत उभी आहे, आणि दिवा रोज संध्याकाळी आपोआप लागतो. वर्ष झालं, एकदाही चुकला नाही. पोरांनो, घरं बांधा, पण आधी मिस्त्रीसंगं पाणी चाखा. आणि कुणी अकोल्याला जात असाल तर तो दिवा तेवढा उतरवून अफिफाला नेऊन द्या. तिला अभ्यासाला होईल. मला तो बघवत नाही.